द्रव आणि क्षारांचा समतोल : परिचर्येतील मोजमापाचे मोल

२०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरू शहराला तीव्र पाणीटंचाईला तोंड द्यावे लागले. शहराची दैनंदिन गरज सुमारे २६० कोटी लिटर असून त्यात सुमारे ५० कोटी लिटरची तूट असल्याचे राज्य शासनाने त्या वर्षीच्या मार्च महिन्यात जाहीर केले. हजारो विंधनविहिरी आटल्या होत्या आणि अनेक वस्त्यांची भिस्त टँकरवर होती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात याच शहरातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहातील चाळीसहून अधिक विद्यार्थिनींना जुलाब आणि निर्जलीकरणामुळे व्हिक्टोरिया रुग्णालयात दाखल करावे लागले. कॉलऱ्याची शंका व्यक्त झाली आणि शहरभर पाण्याच्या व अन्नाच्या तपासणीला वेग आला.

व्हिक्टोरिया रुग्णालय १९०० साली सुरू झाले. त्या काळात कॉलऱ्याच्या रुग्णाला वाचविण्याची खात्रीशीर पद्धत कोणत्याही रुग्णालयाकडे नव्हती. आज ती आहे, आणि ती महागड्या औषधात नाही. रुग्णाच्या शरीरातून किती पाणी व कोणते क्षार गेले, ते किती प्रमाणात आणि किती वेगाने परत द्यायचे, याचे अचूक मोजमाप हाच त्या उपचाराचा गाभा आहे. हे मोजमाप रात्रंदिवस रुग्णाजवळ असणारी परिचारिका करते. म्हणूनच द्रव आणि क्षारांच्या असमतोलातील परिचर्या हा केवळ पाठ्यपुस्तकातील एक घटक नसून सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने जीवनमरणाचा विषय आहे.

शरीरातील जलव्यवस्था

प्रौढ पुरुषाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पाण्याचा असतो. ७० किलो वजनाच्या व्यक्तीच्या शरीरात साधारणतः ४२ लिटर पाणी असते. त्यापैकी सुमारे २८ लिटर पेशींच्या आत आणि १४ लिटर पेशींच्या बाहेर असते. पेशींबाहेरील या पाण्यातील सुमारे ३ लिटर पाणी रक्तद्रवाच्या रूपाने रक्तवाहिन्यांतून फिरते. नवजात बालकात पाण्याचे प्रमाण सुमारे ७५ टक्के असते, तर वार्धक्यात ते ५० टक्क्यांच्या आसपास येते. बालकाच्या शरीरातील पाण्याची उलाढाल वजनाच्या मानाने मोठी असते, तर वृद्धाची तहानेची जाणीव मंदावलेली आणि मूत्रपिंडाची क्षमता घटलेली असते. त्यामुळे या दोन्ही वयोगटांना असमतोलाचा धोका अधिक संभवतो.

या पाण्यात विरघळलेले विद्युतभारित कण म्हणजे इलेक्ट्रोलाइट. मराठीत त्यांना सामान्यतः क्षार म्हटले जाते. सोडियम मुख्यतः पेशींबाहेर असते आणि पाणी कोठे राहील हे बव्हंशी तेच ठरविते. रक्तातील त्याचे प्रमाण दर लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल एवढे असते. पोटॅशियम मुख्यतः पेशींच्या आत असते. रक्तातील त्याचे प्रमाण ३.५ ते ५ मिलिमोल इतके अल्प असले तरी हृदयाची लय त्यावर अवलंबून असते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचा संबंध स्नायूंचे आकुंचन व मज्जासंस्थेच्या कार्याशी येतो. तहान, मूत्रपिंडे आणि काही संप्रेरके यांच्या साहाय्याने शरीर हा समतोल स्वतःच राखत असते. जुलाब, उलट्या, भाजणे, तीव्र ताप, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार, अनियंत्रित मधुमेह, तसेच लघवी वाढविणारी औषधे यांमुळे ही व्यवस्था कोलमडते.

कॉलऱ्यात हे किती वेगाने घडते हे लक्षात घेतले पाहिजे. तीव्र स्वरूपाच्या आजारात प्रौढ रुग्ण काही तासांत कित्येक लिटर पाणी गमावू शकतो. रक्ताचे आकारमान घटते, नाडी क्षीण होते, लघवी थांबते आणि उपचार न मिळाल्यास त्याच दिवशी मृत्यू ओढवू शकतो.

लॅटा ते बनगाव

गेलेले पाणी व मीठ परत द्यावे, ही कल्पना जुनी आहे. १८३२ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ येथील डॉ. थॉमस लॅटा यांनी कॉलऱ्याने मरणासन्न झालेल्या एका वृद्धेच्या शिरेत क्षारमिश्रित पाणी सोडले. तिची नाडी परतली, चेहऱ्यावर तरतरी आली. ती सावरली असे समजून लॅटा तिला दुसऱ्यांच्या देखरेखीखाली सोपवून गेले. जुलाब पुन्हा सुरू झाले, द्रव पुन्हा दिला गेला नाही आणि काही तासांतच ती दगावली. उपचार योग्य होता, पण त्याचे सातत्य तुटले. एकदा भरपाई करून काम संपत नाही, पुढे होणाऱ्या हानीवर लक्ष ठेवावेच लागते, हा धडा या घटनेत आहे.

या विषयातील सर्वांत मोठा प्रयोग भारताच्या भूमीवर झाला. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या काळात सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. तेथील छोट्या रुग्णालयात खाटा मोजक्या आणि शिरेतून देण्याच्या सलाइनचा साठा अपुरा होता. डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात पुड्या तयार करविल्या. पाण्यात विरघळविलेले हे मिश्रण ‘तोंडाने घ्यायचे सलाइन’ म्हणून रुग्णांना पाजण्यात आले. पाजण्याचे काम प्रामुख्याने रुग्णांच्या नातेवाइकांनी केले. पूर्वी सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील तीन हजारांहून अधिक रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आले. २०२२ मध्ये महालनबीस यांचे निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

बनगावचे यश केवळ पुडीचे नव्हते. रुग्णाच्या आईने किंवा भावाने एकेक पेला मोजून, न कंटाळता, तासन्तास पाजत राहणे हा त्या यशाचा अर्धा भाग होता. रुग्णाजवळ बसणारी व्यक्ती शिकविली तर ती उपचार करू शकते, हे तेथे सिद्ध झाले. परिचर्येतील ‘आरोग्यशिक्षण’ या संज्ञेचा हाच व्यावहारिक अर्थ आहे.

जलसंजीवनी : प्रमाणाचे शास्त्र

महाराष्ट्रात ‘जलसंजीवनी’ या नावाने परिचित असलेल्या या मिश्रणामागील तत्त्व आतड्याच्या रचनेत आहे. आतड्याच्या आतील अस्तरातील पेशी ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत घेतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी आत ओढले जाते. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडवाहतूक मांडली. कॉलऱ्याचे विष आतड्यातून पाणी बाहेर टाकण्याची क्रिया प्रचंड वाढविते, परंतु ही जोडवाहतूक मात्र शाबूत राहते. म्हणून जुलाब चालू असतानाही योग्य प्रमाणातील साखर-मिठाचे पाणी शरीरात शोषले जाते. याच आधारावर १९६८ मध्ये ढाका येथे डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांवर तोंडावाटे द्रवभरपाईचा यशस्वी प्रयोग केला होता.

मात्र येथे प्रमाणाला महत्त्व आहे. साखर अधिक झाली तर ती आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढविते, आणि मीठ अधिक झाले तर रक्तातील सोडियम धोकादायक पातळीला जाऊ शकते. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी कमी तीव्रतेचे सुधारित सूत्र स्वीकारले. त्यात एक लिटर पाण्यासाठी २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. जुन्या सूत्रातील ९० मिलिमोल सोडियमच्या जागी ७५ मिलिमोल आले आणि एकूण तीव्रता ३११ वरून २४५ मिलिऑस्मोलपर्यंत खाली आली. भारतानेही हे सूत्र स्वीकारले आहे.

प्रमाण चुकलेली पेये जलसंजीवनीच्या नावाने विकली जाणे किती घातक ठरू शकते, हे यावरून ध्यानात येते. हैदराबाद येथील बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी अनेक वर्षे या प्रश्नाचा पाठपुरावा केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने खाद्यपदार्थांच्या व पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास मनाई केली.

बंगळुरूच्या रस्तोरस्ती मिळणारे नारळपाणी, कन्नडमधील ‘एळनीरु’, हेही याच कसोटीवर तपासले पाहिजे. ते चांगले पेय आहे, परंतु त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असते. कॉलऱ्याच्या जुलाबात मुख्यतः सोडियमची हानी होते. त्यामुळे सौम्य जुलाबात नारळपाणी पूरक म्हणून चालते, पण ते जलसंजीवनीची जागा घेऊ शकत नाही. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाच्या बाबतीत तर तेच नारळपाणी रक्तातील पोटॅशियम वाढवून प्राणावर बेतू शकते. भेटीस आलेल्या नातलगाच्या हातातील शहाळे पाहून परिचारिकेने रुग्णाचा आजार आठवावा, अशी अपेक्षा म्हणूनच असते.

परिचर्येचा प्रारंभ : निरीक्षण

परिचर्या प्रक्रियेचे मूल्यांकन, परिचर्या-निदान, नियोजन, अंमलबजावणी आणि फलनिष्पत्तीचे मूल्यमापन असे पाच टप्पे मानले जातात. द्रव-असमतोलात यांतील पहिल्या टप्प्यालाच सर्वाधिक वेळ द्यावा लागतो. जुलाब झालेल्या बालकाची पाहणी करताना चार गोष्टी पाहिल्या जातात : बालकाची एकंदर स्थिती, डोळे, पाणी पिण्याची पद्धत आणि पोटावरील त्वचेची चिमटी. बालक अस्वस्थ व चिडचिडे असेल, डोळे खोल गेलेले असतील, ते अधाशीपणे पाणी पीत असेल आणि चिमटीत धरलेली त्वचा सावकाश पूर्ववत होत असेल, तर यांपैकी कोणत्याही दोन लक्षणांवरून ‘काही प्रमाणात निर्जलीकरण’ ठरते. बालक सुस्त किंवा बेशुद्ध असेल, डोळे खोल गेलेले असतील, त्याला पिता येत नसेल आणि त्वचा पूर्ववत होण्यास दोन सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, तर यांपैकी दोन लक्षणे ‘तीव्र निर्जलीकरण’ दर्शवितात.

यावरून उपचाराची योजना ठरते. निर्जलीकरण नसेल तर घरीच, प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील बालकास ५० ते १०० मिलिलिटर आणि त्याहून मोठ्या बालकास १०० ते २०० मिलिलिटर जलसंजीवनी देतात. काही प्रमाणात निर्जलीकरण असेल तर आरोग्य केंद्रात देखरेखीखाली दर किलो वजनामागे ७५ मिलिलिटर जलसंजीवनी चार तासांत देतात. तीव्र निर्जलीकरणात शिरेतून रिंगर लॅक्टेट दर किलोमागे १०० मिलिलिटर देतात. एक वर्षाखालील बालकास त्यातील ३० मिलिलिटर पहिल्या तासात आणि उरलेले ७० मिलिलिटर पुढील पाच तासांत दिले जातात. त्याहून मोठ्या बालकांत हेच टप्पे अर्धा तास आणि अडीच तास असे असतात. ओकारी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याने सावकाश पाजावे, स्तनपान व आहार चालू ठेवावा आणि १४ दिवस झिंक द्यावे, या गोष्टी आईला समजावून सांगणे हा परिचर्येचाच भाग आहे. सहा महिन्यांवरील बालकासाठी झिंकची मात्रा रोज २० मिलिग्रॅम, तर दोन ते सहा महिन्यांच्या बालकासाठी १० मिलिग्रॅम असते.

आवक-जावक तक्ता आणि वजन

रुग्णालयातील प्रौढ रुग्णाच्या बाबतीत आवक-जावक तक्ता हे परिचारिकेचे प्रमुख साधन होय. तोंडाने घेतलेले सर्व द्रव, सलाइन, नळीवाटे दिलेला आहार आणि औषधांसोबत गेलेले पाणी आवकेत धरले जाते. लघवी, ओकारी, पातळ जुलाब, जखमेतील निचरा आणि नळीतून बाहेर येणारा द्रव जावकेत धरला जातो. प्रौढ व्यक्तीची लघवी दर किलो वजनामागे तासाला ०.५ मिलिलिटरपेक्षा कमी झाल्यास ती धोक्याची सूचना समजली जाते. ६० किलो वजनाच्या रुग्णासाठी ही मर्यादा तासाला ३० मिलिलिटर एवढी येते.

एका उदाहरणावरून या तक्त्याचे बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. समजा, एका रुग्णाला २४ तासांत १५०० मिलिलिटर सलाइन मिळाले आणि त्याने ८०० मिलिलिटर द्रव प्यायले. एकूण आवक २३०० मिलिलिटर झाली. लघवी ९००, ओकारी ४०० आणि जुलाब १६०० मिलिलिटर धरल्यास जावक २९०० मिलिलिटर होते. तूट ६०० मिलिलिटरची दिसते. परंतु दुसऱ्या दिवशी त्याच काट्यावर वजन दीड किलोने घटलेले आढळते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असल्याने प्रत्यक्ष तूट सुमारे दीड लिटरची आहे. उरलेले ९०० मिलिलिटर मुख्यतः ताप, घाम व श्वासावाटे गेले, किंवा चादरीवर सांडून नोंदीतून निसटले. म्हणून रोज एकाच वेळी, एकाच काट्यावर, सारख्याच कपड्यांत वजन घेणे ही या तक्त्याची पडताळणी होय. दररोजचे वजन ही अत्यंत स्वस्त चाचणी आहे, परंतु गर्दीच्या कक्षात सर्वप्रथम तीच सुटते.

सलाइनचा वेग

शिरेतून द्यावयाच्या द्रवाचा प्रकार आणि मात्रा डॉक्टर ठरवितात. तो ठरलेल्या वेगाने जातो की नाही, हे परिचारिका पाहते. पंप उपलब्ध नसल्यास थेंब मोजावे लागतात. एकूण मिलिलिटरला संचाच्या थेंब-गुणांकाने गुणून एकूण मिनिटांनी भागले की दर मिनिटाचे थेंब मिळतात. २० थेंबांना एक मिलिलिटर देणाऱ्या संचातून ५०० मिलिलिटर द्रव चार तासांत द्यायचा असेल, तर ५०० गुणिले २० भागिले २४०, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब येतात. लहान मुलांसाठी वापरल्या जाणाऱ्या ६० थेंबांच्या सूक्ष्म संचात दर मिनिटाचे थेंब आणि दर तासाचे मिलिलिटर यांचा आकडा एकच असतो.

वेग कमी पडला तर मूत्रपिंडांना इजा होते. वेग अधिक झाला तर हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी साचते. धाप लागणे, आडवे झोपता न येणे, मानेच्या शिरा फुगणे, पायांवर सूज येणे आणि स्टेथोस्कोपने छातीत बुडबुड्यांसारखा आवाज ऐकू येणे ही अतिद्रवतेची लक्षणे आहेत. ती दिसताच द्रवाचा वेग कमी करणे, रुग्णाला अर्धवट बसविणे आणि डॉक्टरांना तत्काळ कळविणे ही पहिली पावले होत. सुईच्या जागी सूज किंवा लाली आहे काय, हेही वारंवार पाहावे लागते.

सोडियम आणि पोटॅशियम

सोडियम घटल्यास पाणी पेशींत शिरते आणि मेंदूला सूज येते. डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपणा आणि पुढे झटके येऊ शकतात. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धात अचानक आलेला विसरभोळेपणा हा वयाचा परिणाम मानला जातो, प्रत्यक्षात तो सोडियम घटल्याचा परिणाम असू शकतो. अशा रुग्णाची जाणीव-पातळी ठरावीक अंतराने तपासणे, पडण्यापासून व झटक्यांपासून संरक्षण करणे आणि सांगितल्यास पाणी मर्यादित ठेवणे आवश्यक असते. घटलेले सोडियम घाईने वाढविणेही घातक असते. दीर्घकाळ सोडियम कमी असताना मेंदूच्या पेशी त्या स्थितीशी जुळवून घेतात. ते एकाएकी वाढविल्यास पेशींतून पाणी झपाट्याने बाहेर पडते आणि मज्जातंतूंवरील आवरणाला कायमची इजा होऊ शकते. म्हणून २४ तासांत साधारणतः ८ ते १० मिलिमोलपेक्षा अधिक वाढ होऊ दिली जात नाही.

पोटॅशियम घटल्यास स्नायू दुर्बल होतात, पोट फुगते आणि हृदयाची लय बिघडते. ते वाढल्यास हृदयाच्या विद्युत आलेखातील टी-तरंग उंच व टोकदार दिसू लागतो आणि हृदय थांबण्याचा धोका उद्भवतो. अशा वेळी हृदयाच्या संरक्षणासाठी कॅल्शियम ग्लुकोनेट, पोटॅशियम पेशींत ढकलण्यासाठी ग्लुकोजसह इन्शुलिन आणि गरजेनुसार डायलिसिस असा क्रम असतो. इन्शुलिन दिल्यानंतर रक्तशर्करा वारंवार तपासणे ही परिचारिकेची जबाबदारी असते.

पोटॅशियम क्लोराइडच्या बाबतीत एक नियम निरपवाद आहे. ते कधीही थेट शिरेत टोचायचे नसते. ते पुरेशा द्रवात मिसळून, बाटली नीट हलवून आणि सावकाशच द्यावे लागते. सामान्य कक्षात हाताच्या शिरेतून तासाला १० मिलिमोलपेक्षा अधिक वेग सहसा ठेवला जात नाही, आणि ते सुरू करण्यापूर्वी रुग्णाला लघवी होत असल्याची खात्री केली जाते. भारतात प्रचलित असलेल्या १० मिलिलिटरच्या, १५ टक्के तीव्रतेच्या एका कुपीत २० मिलिमोल पोटॅशियम असते. ही कुपी इतर निरुपद्रवी औषधांच्या कुप्यांसारखीच दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेसाठी सुचविलेल्या नऊ उपायांत तीव्र क्षारद्रावणांचे नियंत्रण समाविष्ट होते. अशा कुप्या वेगळ्या ठेवणे, त्यांवर ठळक चिठ्ठी लावणे आणि दोघांनी मिळून तपासणी करणे या साध्या उपायांनी प्राणघातक चूक टळते.

डेंग्यूचा धडा

पाणी कमी पडणे आणि जास्त होणे हे दोन्ही धोके एकाच रुग्णात एकामागोमाग येऊ शकतात. त्याचे उदाहरण म्हणजे डेंग्यू. २०२४ मध्ये बंगळुरूसह कर्नाटकात डेंग्यूचा मोठा प्रादुर्भाव झाला आणि सप्टेंबरमध्ये राज्य शासनाने त्याला साथरोग म्हणून अधिसूचित केले. या आजारात ताप उतरू लागतो तेव्हाच, साधारणतः तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव बाहेर झिरपण्याची अवस्था येऊ शकते. ती बहुधा २४ ते ४८ तास टिकते. ताप उतरल्याने घरचे निश्चिंत होतात, पण रुग्ण त्याच वेळी गंभीर होत असतो. पोटदुखी, सतत ओकारी, हातपाय गार पडणे, अस्वस्थता, रक्तातील पेशींचे सापेक्ष प्रमाण म्हणजे हिमॅटोक्रिट वाढणे आणि रक्तदाबाच्या वरच्या व खालच्या आकड्यांतील अंतर कमी होणे ही धोक्याची चिन्हे होत.

या अवस्थेत द्रव मोजून द्यावा लागतो. त्यानंतर झिरपलेला द्रव स्वतःहून रक्तात परततो. त्या वेळी पूर्वीच्याच वेगाने सलाइन चालू राहिले तर फुप्फुसांत पाणी साचते. आदल्या दिवशी ज्या सलाइनने प्राण वाचविले, तेच दुसऱ्या दिवशी प्राणघातक ठरू शकते. नाडी, रक्तदाब, लघवी आणि हिमॅटोक्रिट यांच्या ठरावीक अंतराने घेतलेल्या नोंदींवरूनच हा बदल लक्षात येतो. नोंदींत खंड पडल्यास डॉक्टरांच्या निर्णयाचा आधारच नाहीसा होतो.

मनुष्यबळ आणि धोरण

बंगळुरू हे परिचर्या शिक्षणाचे देशातील एक मोठे केंद्र आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय याच शहरात असून राज्यातील परिचर्या महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. केरळपासून ईशान्येकडील राज्यांपर्यंत अनेक ठिकाणचे विद्यार्थी येथे शिक्षण घेतात. देशपातळीवर १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद अधिनियमाची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग अधिनियम संमत झाला. शिक्षणाचा दर्जा आणि व्यावसायिक नोंदणी यांत सुधारणा करणे हा त्याचा हेतू आहे.

तळाच्या पातळीवरही चित्र बदलत आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा कार्यकर्त्यांच्या हाती जलसंजीवनीची पाकिटे आली. शहरी वस्त्यांसाठी कर्नाटकात २०२२-२३ मध्ये ‘नम्म क्लिनिक’ सुरू झाली असून तेथे डॉक्टरांसमवेत परिचारिका असते. २०१४ पासून चालविण्यात येणारा अतिसार नियंत्रण पंधरवडा २०२४ मध्ये ‘स्टॉप डायरिया’ या दोन महिन्यांच्या मोहिमेत रूपांतरित झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) जुलाब झालेल्या ५०.६ टक्के बालकांना जलसंजीवनी मिळाली होती. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण ६०.६ टक्के झाले. झिंक मिळालेल्या बालकांचे प्रमाण २०.३ वरून ३०.५ टक्क्यांवर गेले. ही प्रगती असली तरी दहापैकी सुमारे चार बालकांपर्यंत काही रुपयांचे हे पाकीट पोहोचत नाही, आणि दहापैकी सुमारे सात बालकांना झिंक मिळत नाही, हेही हेच आकडे सांगतात.

स्वच्छ पाण्याचा पुरवठा आणि मलनिस्सारण हा अतिसारावरील मूळ उपाय आहे. त्या दिशेने कावेरी पाणीपुरवठा योजनेचा पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये कार्यान्वित झाला. शहरात नव्याने समाविष्ट झालेल्या ११० गावांसाठी दररोज ७७.५ कोटी लिटर पाणी पुरविण्याची त्याची क्षमता आहे. परंतु जलवाहिनी प्रत्येक घरी पोहोचेपर्यंत, आणि पोहोचल्यानंतरही, आजारी पडणाऱ्याचे प्राण वाचविण्याचे काम रुग्णाच्या खाटेजवळच होणार आहे. एका परिचारिकेकडे पेलवणार नाहीत इतके रुग्ण सोपविले तर थेंब मोजले जात नाहीत, वजन घेतले जात नाही आणि तक्ता पाळीच्या शेवटी अंदाजाने भरला जातो. परिचारिकांची पुरेशी पदे भरणे, प्रत्येक कक्षात चालू स्थितीतील वजनकाटा व मोजपात्र ठेवणे, तीव्र क्षारद्रावणांच्या साठवणुकीचे नियम पाळणे आणि मातांना घरी जाण्यापूर्वी जलसंजीवनी स्वहस्ते तयार करून पाहण्यास लावणे, या गोष्टींना फार मोठा खर्च येत नाही. आरोग्यसेवेच्या नियोजनात त्यांना त्यांच्या परिणामाच्या तोलाचे स्थान मिळाले पाहिजे.